बंद पाठीचा झगा

"डावा हात जरा वर, मादाम," ओदिल म्हणाली.

मादाम कुर्वेलनी हात वर केला आणि ओदिलच्या ओठांत धरलेल्या टाचण्या तिथेच राहिल्या. दंडावर चार बोटांचे जांभळे वळ होते. पाचवा, अंगठ्याचा, काळ्या रेशमी शमीजच्या पट्टीपाशी, खांद्यामागे.

"तिथे हात नका लावू," मादाम हळूच म्हणाल्या. "दुखतं."

ओदिलने नजर खाली घातली. पॅरिसच्या या शिवणघरात तिची एकवीस वर्षं गेली होती, त्यातली सहा मुख्य कारागीर म्हणून. ट्रायलच्या खोलीत दिसेल ते बाहेर न्यायचं नाही, हा इथला पहिला धडा. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं ऑपरेशन झालंय, हे घरच्यांच्या आधी टेपला कळायचं.

"पाठ बंद करा," मादाम म्हणाल्या. "बाह्या मनगटापर्यंत. आणि अस्तर काळं लावा."

"हस्तिदंती साटिनला काळं अस्तर? झगा मळका दिसेल, मादाम. अस्तर हस्तिदंतीच लागेल."

मादामनी नाइलाजाने मान हलवली. काळं अस्तर कशाला, ते ओदिलला जिना चढताना उमगलं. रक्त दिसू नये म्हणून.

वरच्या मजल्यावर मादामच्या मापाचा पुतळा होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचा असा स्वतःचा पुतळा असे. त्याच्यावर तो झगा आकाराला येऊ लागला. चार बायका महिनाभर मणी टाचत होत्या. काचेचे बारीक मणी खांद्यावर दाट, कंबरेपाशी विरळ, आणि गुडघ्याखाली चुकून एखादा. घेर असा बसवला होता की नुसता टेबलावर ठेवला तरी उभा राहायचा. इतकं देखणं काम ओदिलच्या हातूनही आजवर झालं नव्हतं.

"आपल्या मालकांनी उघड्या पाठीचं चित्र काढलं आणि बाईसाहेबांनी पाठच बुजवली," भरतकाम करणारी मिरेय कुरकुरली. "एवढी गोरी पाठ काय कपाटात ठेवायला दिलीय देवाने?"

"सुई चालव. जीभ नको."

"आज आपण भडकलात फार!"

ओदिलने नवा दोरा ओवला. तिला लुसेत आठवत होती. सख्खी धाकटी बहीण. स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि गेली, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं होतं. ओदिलने तिच्या गळ्यावरचे वळ दोनदा पाहिले होते आणि दोन्ही वेळा तोंड मिटून घरी आली होती. या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

तीन आठवड्यांनी दुसरी ट्रायल झाली. वळ तिथेच होते, तसेच जांभळे. एकही पिवळा पडला नव्हता. म्हणजे मेला नवरा रोज त्याच जागी धरतो, ओदिलच्या मनात आलं.

त्या दिवशी कुर्वेलसाहेब बायकोला न्यायला आले होते. मादाम कपडे बदलत होत्या तेवढ्यात त्यांनी ओदिलला बाजूला घेतलं.

"ओदिलबाई, माझी बायको बरी आहे ना?" ते हातातली टोपी फिरवत म्हणाले. "वर्ष झालं, तिच्या खोलीला आतून कडी असते. मला काही सांगत नाही. तुम्हाला तरी दिसत असेल."

"मला माप दिसतं, साहेब. बाकी काही नाही."

किती साळसूद माणूस! तिला त्या टोपीवर थुंकावंसं वाटलं.

शेवटची ट्रायल मंगळवारी चारला होती. मादाम साडेपाचला आल्या, नेहमीसारख्या मागच्या दाराने. धाप लागली होती, हात गार पडले होते.

"आज शमीज काढावी लागेल," ओदिल म्हणाली. "शेवटची ट्रायल उघड्या अंगावरच होते."

"राहू दे ना."

"नाही मादाम. हा झगा मी चुकीचा बसू देणार नाही. हवं तर मान वळवते."

मादामनी घड्याळाकडे पाहिलं आणि शमीज काढली. झगा अंगावर आला, मणी उजळले, आणि आरशातली बाई एकदम उंच झाली. ओदिलचे डोळे भरून आले. शेगडी पेटलेली होती; मादामच्या कपाळावर घाम जमला होता.

निघताना त्यांनी ओदिलचा हात घट्ट धरला. "कुणी विचारलं तर मी चारला आले होते. ह्यांना उशीर खपत नाही, ओदिल."

ओदिलने मान हलवली. बराच उशीर झाला होता, म्हणून झगा तसाच कापडी खोळीत घालून तिने टांगला.

गुरुवारी पोलीस इन्स्पेक्टर आला. मंगळवारी पाचच्या सुमारास कुर्वेलसाहेब घरच्या जिन्यावरून पडले होते. मानच मोडली. मोलकरणीला आधी दोन आवाज ऐकू आले होते, एक बाईचा.

"मादाम इथे किती वाजता आल्या?"

खून ठरला तर बाईची मान गिलोटिनच्या पात्याखाली जाणार. आणि कुणापायी, तर असल्या नवऱ्यापायी. ओदिलला लुसेतचा गळा दिसला.

"चारला," ती म्हणाली. "दोन तास माझ्यासमोर उभ्या होत्या."

"नक्की?"

"टाचण्या मीच लावल्या, साहेब."

त्याने लिहून घेतलं, तिने खाली सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो गेल्यावर ती मिरेयशी दोन शब्द गोडही बोलली.

विधवा बाई वर्षभर तरी हा झगा घालणार नव्हती. ठेवणीतला झगा उलटा करून ठेवायचा, म्हणजे मणी घासत नाहीत, ही इथली रीत. ओदिलने खोळ काढली आणि झगा अलगद उलटा केला.

हस्तिदंती अस्तरावर, डाव्या बाहीत, चार जांभळे पट्टे होते. पाचवा डाग खांद्यामागे.

रक्तच, असं म्हणत तिने रुमालाचं टोक ओलं केलं आणि हलक्या हाताने पुसलं. डाग लगेच निघाला. रुमालावर पापण्यांना लावायचा जांभळा रंग उतरला होता, आणि त्याला गुलाबाचा मंद वास येत होता.