डेझबाचं पहिलं हसू

"तिच्याकडे बघू नकोस म्हटलं ना!" गाडी चालवता चालवता वर्लिंडा आरशात बघून ओरडली.

मागच्या सीटवर डॅरेलने, तिच्या नवऱ्याने, झटकन तोंड खिडकीकडे वळवलं. शेजारी बेबी सीटमध्ये त्यांची चार महिन्यांची डेझबा टकाटका त्याच्याकडेच बघत होती.

झायन पार्कचा बोगदा मागे पडला, कनॅब गाव गेलं आणि लाल वाळूचा मुलूख सुरू झाला. वर्लिंडाला कुठेही रेंगाळायचं नव्हतं. उजेड आहे तोवर चिन्लीला आजोबांच्या दारात पोचायचं आणि तोपर्यंत पोरीला हसू द्यायचं नाही, असा तिने पणच केला होता.

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या घरात बाळाचं पहिलं हसू म्हणजे गंमत नसते. ज्याच्यामुळे बाळ पहिल्यांदा खिदळतं, त्याने बाळाच्या हाताने सगळ्यांना मीठ द्यायचं, जेवण घालायचं. आणि बाळ पुढे त्याच्याच वळणावर जातं. वर्लिंडाचे चेई, म्हणजे आईचे वडील, असे की दारात आलेला कुणी उपाशी परतायचा नाही. आणि डॅरेल? दारूपायी दोन नोकऱ्या घालवून घरी बसलेला. बाळ झाल्यापासून त्याने थेंबाला हात लावला नव्हता हे खरं, पण वर्लिंडाचा विश्वास कधीच उडाला होता. ती दिवसभर पार्कच्या गेटवर गाड्यांचे पास तपासायची, तेव्हा बाळ त्याच्याकडे असायचं. दुसरा इलाजच नव्हता.

"दूध पाज, लंगोट बदल, माकडचाळे करू नकोस," एवढं बजावून ती रोज बाहेर पडायची.

"काल हसली नाही ना?" तिने आताही विचारलं.

"तुझ्यावर गेलीय. गेटवरच्या बाईसारखं तोंड," तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला.

पेज गावातल्या पेट्रोल पंपावर एक पर्यटक बाई वाकून टाळ्या वाजवू लागली. वर्लिंडाने बाळावर शाल ओढली.

"किती शांत बाळ! बरं नाही का तिला?"

"बरी आहे. राखीव आहे."

मॉन्युमेंट व्हॅलीचा फाटा आला तसा डॅरेल म्हणाला, "पाच मिनिटं वळू या ना. तिला तिथले लाल दगडी सुळके दाखवू."

"चेईंनी हसवल्यावर दाखव काय दाखवायचं ते."



चिन्लीला मावश्या जमल्या होत्या. मटणाचा रस्सा उकळत होता, मीठ वाडग्यात काढून ठेवलं होतं. चेईंनी डेझबाला उचललं. शीळ घातली, मेंढीसारखं बें बें केलं, गालाला नाक घासलं. डेझबा ढिम्म. ती त्यांच्या खांद्यावरून मान उंच करून मागे काहीतरी शोधत राहिली.

वर्लिंडा पुढे सरकली. एवढी जपून आणली आणि पोरगी चेईंनाही दाद देईना!

"हिचा बाप कुठंय?" चेईंनी विचारलं.

"मेंढवाड्यामागे बसलाय. राहू दे त्याला, चेई!"

पण चेईंनी हाक मारली होती. डॅरेल मान खाली घालून आला. तो दिसताच डेझबा अशी खदखदून हसली, की चेईंना तिला दोन्ही हातांनी सावरावं लागलं.



"शेवटच्या क्षणी घात केलास!" वर्लिंडाला रडू कोसळलं. "आता ही तुझ्यासारखीच निपजणार!"

चेईंनी मिठाचा वाडगा डॅरेलपुढे धरला. "घे रे बाबा. पहिलं हसू तुझं."

डॅरेलने हात पुढे केला नाही.

"पहिलं नाही, चेई. ही रोज हसते. वर्लिंडा कामावर गेली की सुरू होते, आणि तिची गाडी दारात आली की आम्ही दोघं गप्प बसतो."