अमृतची मूठ

शिकाऊ विमान धाराशिवच्या धावपट्टीवरून जेमतेम कडुलिंबाच्या उंचीला गेलं, इंजिन बंद पडलं आणि ते नाकावर आपटून पेटलं. आत विमान शिकणारी श्रावस्ती एकटीच काच बडवत होती. मेकॅनिक अमृत सगळ्यांच्या आधी आगीत घुसला. काच फोडून त्यानं तिला बाहेर ओढलं, तोवर तिचे दोन्ही पाय करपले होते.

दवाखान्यात तिचे वडील कोंडिबा त्याची भाजलेली मूठ कपाळाला लावून रडले. "तुमच्यामुळं लेकरू जगलं."

"मूठ उघडा, मलम लावायचंय," नर्स म्हणाली.

अमृतनं उघडली नाही. मुठीत सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. ट्रॅक्टरच्या नळीला गुंडाळतात तशी सकाळी त्यानंच ती विमानाच्या गळक्या पेट्रोल नळीला गुंडाळली होती.

आगीत शिरल्यावर त्यानं आधी ती उपटली होती. काच नंतर फोडली.