कडूबाचं विमान

विमानाच्या शेपटीचा शेवटचा तुकडा जागेवर बसला, चिकटवायचं सोल्युशन अजून ओलंच होतं, तेवढ्यात कडूबाच्या वडीगोद्रीच्या घरासमोर टेम्पो थांबला. टेम्पोतल्या बायकांनी एकदम गळा काढला.

"दादा रेऽऽ! मला न सांगता गेलास रेऽऽ!"

कडूबाने आवाज ओळखला. तातेराव, त्याचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी कडूबाच्या पोरीच्या लग्नात तातेरावला टॉवेल मिळाला आणि टोपी राहून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. तातेरावचं तीर्थपुरी काही सातासमुद्रापार नाही, पण मधे दोन नाकं आडवी आलेली.

कडूबा हवाई दलात फिटर होता. पंधरा वर्षं त्याने नॅट नावाच्या चिमुकल्या लढाऊ विमानांचे नटबोल्ट आवळले. पुण्याच्या जुन्या सोबत्याने त्याच नॅटचं प्लास्टिकचं मॉडेल धाडलं, तेव्हा म्हातारा हरखून गेला. महिनाभर चष्मा नाकावर आणि चिमटा हातात. रोज बायकोला म्हणायचा, "तात्यानं एकदा बघायला पायजे हे."

"मंग बोलवा की," झुंबरबाई म्हणायची.

"मी? मेलो तरी न्हाई!"

आता तो विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दारात आला. बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं. झेंडूच्या हारांची टोपली घेतलेला एक भाचा दोन पावलं मागे सरला. तातेराव मात्र रडणं आवरायचं विसरला आणि तसाच भावाच्या गळ्यात पडला. कडूबाला त्याला ढकलता येईना, हात गुंतलेले. खरं सांगायचं तर ढकलायचंही नव्हतं. त्याचेही डोळे भरून आले होते.

"अरे, सोल्युशन ओलं हाये! शेपटी निखळंल!" तो उगाच ओरडला.

तातेराव बाजूला झाला. त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा त्या वीतभर विमानाकडे. मग तो ओट्यावर उभ्या असलेल्या झुंबरबाईकडे वळला.

"वैनी, तुमीच फोन केल्ता ना? 'ह्यांचं विमान तयार झालं, जल्दी या' म्हणून?"

त्यांच्या भावकीत म्हातारं माणूस गेलं, की त्याला फुलांनी सजवलेल्या डोलीत बसवून नेतात. त्या डोलीला विमान म्हणतात. हा निरोप ऐकून कुणीही हार घेऊनच निघालं असतं.

"मंग झालंच न्हाई का तयार?" झुंबरबाई म्हणाली. "मी काय खोटं बोलले, भाऊजी?"

तातेराव काही बोलणार, तोच त्याच्या नाकात वेलदोड्याचा वास शिरला. मयताच्या घरी चूल पेटत नाही. इथे तर धुराड्यातून धूर निघत होता.

झुंबरबाईने पदर खोचला. "चला, हात धुवा समदे. पंधरा माणसांचं पुरण सकाळीच वाटून ठेवलंय मी."