देवाची हरकत

एकोणनव्वद साली गोराईला, खाडीपलीकडे, मोठमोठे विजेचे पाळणे सुरू झाले आणि नाहूरच्या दत्तारामच्या दोन्ही पोरांनी घर डोक्यावर घेतलं. रविवार ठरला, लाँच कुठून सुटते याची चौकशी झाली, डब्यात घावणे न्यायचं पक्कं झालं. तेवढ्यात पोरांच्या आईच्या, मालनच्या, कानावर आलं की तिथला एक पाळणा माणसाला चक्क उलटा करतो.

"गावच्या देवाला विचारल्याशिवाय माझी पोरं उलटी टांगायची नाहीत, सांगून ठेवते!"

झालं. दत्तारामने गावी धाकट्या भावाला, गुणाजीला, कार्ड टाकलं. गुणाजीने देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावून घेतला आणि उलट टपाली कळवलं, "कौल डावा पडला. देव नाही म्हणतो."

दत्तारामने पुढच्या रविवारचं विचारलं. पुन्हा डावा! थोरल्या पोराने देवाशी कट्टी केली. वैतागून दत्तारामने तिसरं कार्ड लिहिलं, "अरे, देवाला नक्की अडचण काय आहे, ते तरी विचार ना!"

त्याचं उत्तर मालनने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"गावचा एक जाणता माणूस सोबत असल्यास देवाची हरकत नाही. कोण, म्हणून पाच नावे विचारली. चार डावी गेली. उजवा कौल फक्त गुरवाच्या नावाला पडला. तो शनिवारच्या एसटीने निघत आहे. कळावे.


ता. क. उलट्या पाळण्यात पुढची सीट त्याला ठेवणे."