सात दहाची हाक

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा बाळाजी बायकोसाठी, श्यामलासाठी, डब्यात मऊ भात भरत होता. चार दिवस तो रोज हेच करत होता. "लगेच या," एवढंच नर्स म्हणाली. तो डबा घेऊनच गेला.

अग्नी पुतण्याने दिला. हर्षल पिंपळगावहून आला होता. अमरधाममधून निघताना त्याने हळूच विचारलं, "काका, अजून कोणाला कळवायचं?"

"सगळ्यांना कळवलंय. कोणी राहिलं नाही."

हर्षलने हातातला फोन खिशात ठेवला.

पाचव्या दिवशी बाळाजीला मागच्या खोलीत वही सापडली. श्यामला तार ऑफिसात नोकरीला होती. निवृत्त झाल्यावर तिने परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. रोज सकाळी तिची मोर्सची टिकटिक सुरू व्हायची आणि बाहेर बाळाजी पेपर वाचायचा. रिकामपणाचा उद्योग, असं तो म्हणायचा.

वहीत तारीख, वेळ आणि समोरच्या स्टेशनचं सांकेतिक नाव होतं. सहा वर्षं, रोज सकाळी सात दहाला, एकच नाव. प्रत्येक ओळीच्या शेवटी ८८.

त्याने शेजारच्या गल्लीतल्या प्रफुल्लला फोन लावला. प्रफुल्ल पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. श्यामलाचा सेट त्यानेच बसवून दिला होता.

"८८ म्हणजे काय रे?"

"काही नाही काका. निरोप घेताना पाठवतात."

"त्याला ७३ म्हणतात. तीच सांगायची. मी ८८ विचारतोय."

प्रफुल्ल अडखळला. "प्रेम आणि मुके. गमतीत पाठवतात हो लोक."

"सहा वर्षं गमतीत? कोण आहे हा?" त्याने वहीतलं सांकेतिक नाव वाचून दाखवलं.

"लायसन्सवाल्यांच्या यादीत नाव नाही दिलेलं. नुसतं सटाणा आहे."

त्या संध्याकाळी बाळाजी पक्कड घेऊन गच्चीवर गेला आणि त्याने श्यामलाच्या एरियलची तार तोडली. तीन तुकडे केले. पण त्याने काही सुटलं नाही. तिच्या फोटोला हार घालायला हात वर जाईना. बायका सांत्वनाला येऊन म्हणायच्या, "श्यामलाताई म्हणजे देवमाणूस," आणि तो आत निघून जायचा.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर तो प्रफुल्लच्या दारात उभा राहिला.

"नवी तार लाव."

"कशाला, काका?"

"ती मेली हे त्याला माझ्याकडून कळलं पाहिजे."

"लायसन्स माझं आहे. शिव्या नाही पाठवणार मी."

"शिव्या नाहीत. दोनच ओळी." त्याने खिशातून चिठ्ठी काढली. 'श्यामला वारली. पुन्हा हाक मारू नये.'

प्रफुल्लने चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वीस मीटर तार घेऊन आला.

तार एकाच टोकाने जोडायची होती. गच्चीच्या कठड्यावर ट्रान्सफॉर्मरची डबी बसवली. तारेचं दुसरं टोक नायलॉनच्या दोरीने मागच्या अशोकाच्या झाडाला ताणायचं होतं. दोरीला दगड बांधून बाळाजीने तीनदा फेकला. तिसऱ्यांदा तो शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडला.

"बाळाजीराव, तेरावं झालं ना कालच? आता आमचं घालताय का?" शेजारी खालून ओरडले.

चौथा दगड फांदीवरून गेला.

प्रफुल्लने मीटर लावला. काटा तीनच्या पुढे गेला. "एकाजवळ यायला हवा. नाहीतर आपण पाठवलेलं बरंच परत आपल्याकडेच येतं. तार लांब झालीये."

"मग काप."

"कापायची नाही. टोक दुमडून बघायचं. वीतभर दुमडा."

बाळाजी खाली गेला, दोरी सैल केली, वीतभर तार दुमडली, परत ताणली. काटा अडीचवर आला. पुन्हा खाली. पावणेदोन. सहासष्टाव्या वर्षी तो पाच वेळा जिना चढला-उतरला. सात वाजले तेव्हा त्याचा श्वास फुलला होता.

"बसा दोन मिनिटं, काका."

"सात दहा व्हायला आलेत. दुमडू का अजून?"

"चार बोटं."

काटा सव्वावर आला. प्रफुल्ल म्हणाला, "आता जाईल सटाण्याला."

दोघे मागच्या खोलीत बसले. बाळाजी स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "मी तिला आयुष्यात एकच शपथ घातली. देवासमोर. सहा वर्षांपूर्वी. मला वाटलं, तिने पाळली."

प्रफुल्लने हेडफोन चढवला.

सात दहाला तो ताठ बसला. "काकूंचं सांकेतिक नाव येतंय. हाक मारतायत."

"तोच?"

"तेच स्टेशन. रोज मारत असणार." प्रफुल्लने ओढून घेतलेल्या कागदावर इंग्रजी अक्षरं उतरवायला सुरुवात केली. तो तोंडाने पुटपुटत होता. "ए. ए. आय..."

"ते इंग्रजी मला नको. मराठीत सांग काय म्हणतोय."

प्रफुल्लची पेन्सिल थोडी पुढे जाऊन थांबली. त्याने हेडफोन काढला.

"काका, हे मराठीच आहे."

त्याने कागद पुढे सरकवला. बाळाजीने एकेक अक्षर जुळवत वाचलं.

'आई, सतरा दिवस झाले. बरं नाही का? बाबा जवळ असतील तर नुसतं ८८ पाठव. तेजू.'

लेकीशी, तेजश्रीशी, एक शब्दही बोलायचा नाही, अशी ती शपथ होती. श्यामला एक शब्दही बोलली नव्हती.

"काय पाठवू, काका?" प्रफुल्लने विचारलं.

बाळाजीने चिठ्ठीवर हात ठेवला. हेडफोनमध्ये टिकटिक पुन्हा सुरू झाली.

तेजश्रीला आई गेल्याचं अजून कोणी सांगितलं नव्हतं.