मागची खोली

कडूबा आणि द्वारकाबाईनं पैठणच्या नाथसागरात, होडीवर, नऊ वर्षं संसार केला. सालगडी म्हणून राबणं सोडतानाच कडूबानं ठरवलं होतं, पुन्हा कुणाची चाकरी करायची नाही. होडीला भाडं नव्हतं. मासळी विकायची आणि उरेल ते साठवायचं. त्यातून पडेगावात चार खोल्या झाल्या. दोन भाड्यानं दिल्या आणि त्यावर म्हातारपण निवांत चाललं.

अलीकडं मात्र जरा कुठं वाजलं की कडूबा मागच्या खोलीत जाऊन दोन-दोन दिवस बसायचा. द्वारकाबाईला मग होडी आठवायची. तिथं कितीही भांडलं तरी जाणार कुठं? पाठीला पाठ लावून बसायचं, आणि जाळं जड झालं की दोघांनीच ओढायचं. ओढता ओढता राग कधी गेला, ते कळायचंही नाही.

एके दिवशी कडूबा गुलमंडीवरून घरी आला, तर मागच्या खोलीत नवा भाडेकरू सामान लावत होता.

“आता काय कमी हाय आपल्याला?” तो चिडला. “पैशापायी ही खोली बी दिली व्हय?”

“पैशापायी नाय,” द्वारकाबाई म्हणाली. “रुसून बसायला तुमाला लई जागा झाली होती.”