ओली खूण

रानातल्या झाडांवर पायवाटेच्या लाल-पांढऱ्या खुणा रंगवायचं काम माझ्या नवऱ्याने, व्रातिस्लावने, जन्मभर फुकट केलं. घराचं दार रंगवायला मात्र त्याला कधी वेळ मिळाला नाही. मार्चमध्ये तो गेला.

पानगळीत मी आणि नणंद ब्लाजेना अळंबी गोळा करायला गेलो. आमच्या मोरावियात रानात कुणी वाट लक्षात ठेवत नाही, खूण दिसेल तिकडे चालतात. आम्हीही चाललो.

एका खुणेला मी बोट लावलं. बोट लाल झालं.

"कुणीतरी नवा नेमला असेल, वहिनी."

"नेमू दे, वन्सं. तुमच्या भावाइतका खुळा सहजी मिळायचा नाही."

पुढची खूण रानाबाहेर, कुंपणाच्या खांबावर होती. त्यापुढची आमच्या फाटकावर.

"वहिनी, ही वाट इकडे कधीच येत नव्हती."

दार तसंच होतं, पोपडे निघालेलं. मेल्यावरही यांनी दार टाळलंच, असं म्हणत मी कुलूप काढलं. आम्ही आत आलो आणि मी दार लोटलं.

आतल्या बाजूला खूण होती, ओली. तिच्या बाणाचं टोक माझ्या झोपायच्या खोलीकडे होतं.